शंकाआबा आणि माझं अभेद्य कुलूप

शंकाआबा कुणाच्याही घरी गेले की आधी आत शिरत नसत, घराभोवती एक चक्कर मारत. हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून, बाजारात म्हैस पारखावी तसं घर पारखत. मग पुढच्या दारी येऊन चपला काढता काढता यजमानाला सांगत, "मी तुमच्याकडे चोरी करायला आलो असतो ना, तर न्हाणीच्या खिडकीतून आलो असतो. गज सैल आहे." यजमान खजील होई, यजमानीण फणकारे, आणि आबा निवांत खुर्चीवर बसून पाणी मागत. आमच्या जळगावातल्या, मेहरूणच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा गच्चीच्या दारावरून आमच्या ह्यांना चांगलं अर्धा तास ऐकवलं. हे म्हणाले, "आबा, घरात चोरण्यासारखं आहेच काय?" आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या डोक्यातली हवा. पण ती कोण नेईल!"

ते धुळ्याचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. निवृत्तीनंतर कुणी बागकाम धरतं, कुणी भजनी मंडळ. आबांनी संगणकाची सुरक्षा धरली. पुस्तकं मागवली, मुलाशी भांडून घरी इंटरनेट घेतलं, आणि दोन-चार वर्षांत असे तयार झाले की धुळे-जळगावातले आम्ही मूठभर सॉफ्टवेअरवाले नवं काही केलं की आधी आबांपुढे ठेवायचो. आबांनी चोर होऊन त्यात शिरून दाखवायचं, असा शिरस्ताच पडला. शंकाआबा हे नाव आमचं. तोंडावर मात्र नुसतं आबा.

त्यांच्या बोलण्याची एक खूण होती. खूश असले की अहिराणी, आणि रागावले की छापील पुस्तकासारखी शुद्ध मराठी. "काय करी राह्यनी, माय?" असं विचारलं की चहा टाकायला हरकत नसे. पण "आपण हे नेमके कोणत्या विचाराने केले आहे?" असं कानावर आलं की ओळखायचं, आज आपली धडगत नाही. मी जळगावच्याही पूर्वेकडची, केळीच्या पट्ट्यातली, त्यामुळे त्यांची अहिराणी मला सगळी कळायची नाही. शुद्ध मराठी मात्र फार लवकर कळू लागली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी तेव्हा पन्नाशीच्या आसपास घुटमळत होते, पण तोरा पंचविशीचा. केस कापलेले, गळ्यात चष्म्याची साखळी आणि ऑफिसच्या दारावर नावाखाली 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' अशी पाटी. आमच्या गल्लीत आर्किटेक्ट म्हणजे घराचा नकाशा काढणारी, म्हणून लोक जिन्याची रुंदी विचारायला यायचे. मी त्यांनाही उत्तर द्यायची! मला येत नाही असं काही जगात आहे, हेच मला मंजूर नव्हतं.

त्या तोऱ्याचा मुकुटमणी म्हणजे 'अभेद्य'. हे माझ्या लॉगिनचं नाव. जिनिंग मिलसाठी, खताच्या दुकानासाठी, मंगल कार्यालयासाठी जे जे सॉफ्टवेअर मी केलं, त्याच्या दाराशी माझं स्वतःचं, हाताने लिहिलेलं लॉगिन उभं असे. आलेला माणूस तोच आहे की दुसराच कुणी त्याच्या नावाने आला आहे, हे ओळखायचं काम त्याचं. हे काम करणारं तयार लॉगिनही मिळतं, जगभर लाखो ठिकाणी वापरलेलं, पारखलेलं. पण ते घेणं मला शेजारणीकडून वरण मागून आणल्यासारखं वाटे. पासवर्ड साठवताना अक्षरांची अदलाबदल करायचं एक सूत्र मी स्वतः शोधलं होतं, आणि ते सूत्र आठवून मी भाजी निवडतानाही गालात हसायची.

अशात एक काम आलं. माझी मुलगी रावेरकडच्या एका गावात दिली आहे. तिथल्या बायकांनी मिळून केळीची कंपनी काढली. ज्यांच्या स्वतःच्या नावावर बाग आहे अशाच बायका तिच्यात सभासद. पुढाकार कमलबाईंचा. या माझ्या मुलीच्या चुलत सासू, म्हणजे माझ्या व्याह्यांच्या धाकट्या भावाची बायको. वडिलांनी मरताना पाचोऱ्याची जागा भावांना आणि इकडची केळीची बाग कमलबाईंच्या नावावर केलेली. पण बाग नावावर असली तरी कापणी कधी करायची हे घरातले पुरुष ठरवायचे. व्यापाऱ्याचा ट्रक भरायचा राहिला की मोठे दीर सांगायचे, "भावजयीच्या बागेतले घड घ्या." घड भरलेले असोत की कच्चे. कमलबाईंना कळायचं ते कोयता चालल्यावर.

म्हणून त्यांना ॲप हवं होतं. बाईने आपल्या फोनवरून होकार दिला तरच तिच्या बागेत कापणीचे मजूर शिरतील, नाहीतर नाही, असं व्यापाऱ्याशी ठरलेलं. कमलबाई माझ्या ऑफिसात येऊन म्हणाल्या, "मॅडम, बाकी तुमच्या मशिनीतलं मले काही कळत नाही. फक्त माह्या नावानं दुसऱ्या कोनी हो म्हनू नये. तेवढं करा." मी म्हटलं, "कमलबाई, त्याचं नावच अभेद्य आहे." त्या म्हणाल्या, "नाव चांगलं हाये," आणि बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायची अट घालून गेल्या. मला तो अपमान वाटला. तपासायला कोण, तर शंकाआबा.

आबा एरंडोलमार्गे एसटीने आले, घराभोवती चक्कर झाली, आणि मग माझ्यासमोर बसून त्यांनी 'समज' सुरू केलं. त्यांची प्रत्येक शंका या शब्दाने सुरू व्हायची. "समज, बाई पासवर्ड विसरली."
"नवा देईन."
"देताना ती तीच बाई आहे हे कसं ओळखशील?"
"ते मी करते हो, दोन दिवसांचं काम."
"समज, फोन हरवला. समज, फोन पोराने घेतला. समज, कुणी बसून एकामागून एक पासवर्ड टाकून पाहतोय. समज, बाई वारली."
प्रत्येकाला माझं एकच उत्तर, ते मी करते, दोन दिवसांचं काम. आबा म्हणाले, "कुलूपवाली, तू दार नाही बांधत, म्हैस पाळायला काढली आहेस. दार एकदा बांधून होतं. म्हशीला सुट्टी नसते." तेव्हापासून मी त्यांची कुलूपवाली झाले.

मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "तू चहा ठेव, मी चोरी करस," असं अहिराणीत म्हणाले, म्हणजे मजेत होते. मी आलं किसून, दूध उकळून चहा घेऊन येते तर पडद्यावर माझ्या पासवर्डांची यादी, सगळे पासवर्ड सरळ वाचता येतील असे! माझं भाजी निवडताना हसवणारं सूत्र त्यांनी आलं किसेपर्यंत उलगडलं होतं. वर विचारतात कसे, "हाई तू एकलीनंच बनाडं का?" मी हो म्हटलं. "तरीच," म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

शहाणी बाई इथेच थांबली असती. मी चेव येऊन महिनाभर बसले, सूत्राच्या जागी नवं सूत्र लावलं, आणि पासवर्ड विसरण्यावर तर असा उपाय काढला की स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली. लांबलचक वाक्याचा पासवर्ड फुटायला कठीण, हे मी वाचलं होतं. मग कुठलं लांब वाक्य बाई जन्मात विसरत नाही? उखाणा! प्रत्येक सभासद बाईचा पासवर्ड म्हणजे तिचा स्वतःचा उखाणा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल, जोडाक्षर मोडलं तरी चालेल, अशी सूटही दिली. बायका हरखल्या. आबांना फोन करून मी मोठ्या थाटात आव्हान दिलं. ते पलीकडून म्हणाले, "संक्रांतीचं हळदीकुंकू कधी आहे?"
"बायकांच्या हळदीकुंकवात तुमचं काय काम?"
"आत नाही येत. ओट्यावर बसतो."

कमलबाईंच्या अंगणात मांडव घातला होता, माईक लावला होता. आबा ओट्यावर गावातल्या पुरुषांबरोबर चहा पीत, तिळाचे लाडू खात बसले. आमच्याकडे हळदीकुंकू म्हटलं की उखाणा आलाच, आणि माईक म्हटला की बाईला जोर येतोच. कमलबाईंनी पदर खोचून खणखणीत आवाजात घेतला:
"ठिबकच्या नळीला बारीक भोक,
भास्कररावांचं नाव घेते, ऐका सगळे लोक."
सगळ्या लोकांनी ऐकला. त्यांत आबाही होते.

दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात कंपनीच्या बैठकीत आबांनी माझं चाचणीचं ॲप उघडलं आणि एकेका बाईच्या नावाने आत शिरून तिच्या बागेची कापणी मंजूर करत सुटले. बायका आ वासून पाहत होत्या. "बाप्पा! माह्या मालकाचं नाव या आबाले कोनी सांगलं?" कमलबाई ओरडल्या. शेजारची म्हणाली, "कोनी म्हंजे? तूच माईकवर घेतलं न वं!" सगळा मांडव हसला. मी हसले नाही. पासवर्डातच 'ऐका सगळे लोक' असलेलं कुलूप जगात आणखी कुणी बनवलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. वास्तविक मीही त्या हळदीकुंकवात होते, तिसऱ्या नंबरला मीही उखाणा घेतला होता, वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची डबी घेऊन मिरवत घरी आले होते. पण पासवर्ड जाहीर होत आहेत, हे काही माझ्या आर्किटेक्ट डोक्यात शिरलं नाही.

त्या दिवशी परत येताना मी गाडीत तोंड फुगवून बसले होते. आबांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या पहिल्या बदलीच्या गावी एक फार हुशार इंजिनिअर होता. एक्स्चेंजमधल्या तारांची जोडणी त्याने खात्याच्या नकाशाप्रमाणे न ठेवता आपल्या पद्धतीने केली. सुटसुटीत, देखणी. साहेबसुद्धा कौतुक करून गेले. मग त्याला टायफॉईड झाला, आणि त्याच आठवड्यात उंदरांनी तारा कुरतडल्या. अर्धं गाव मुकं झालं. बाहेरून दुरुस्तीला आलेल्यांना कुठली तार कुठे गेली आहे ते कळेना. त्या दिवशी एका घरी लेकीला कळा सुरू झाल्या आणि डॉक्टरला फोन लागेना. ती गाडीत, रस्त्यातच बाळंत झाली. "बाई वाचली. मूल वाचलं. त्या इंजिनिअरची झोप गेली."
"असा कसा मूर्ख माणूस?" मी म्हटलं.
"कसा म्हणजे? तुझ्या शेजारी बसलाय."

जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या एसटीत बसताना आबा खिडकीतून फक्त एवढं म्हणाले, "बठ्ठासनं कुलूप बठ्ठा तपासतस. तुनं कुलूप फक्त तू." बठ्ठा म्हणजे सगळे. मला ते पुढे कितीदा तरी आठवलं. सगळे वापरतात त्या कुलपातली फट जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात कुणाला सापडली, तरी ती सगळ्यांसाठी बुजते. माझ्या कुलपातली फट मला सापडली तरच बुजणार, आणि मी तर पुरणाचे मांडे करण्यात गुंतलेली असणार.

तरी मी पुरती वाकले नव्हते. एक पत्ता माझ्या हातात होता आणि तो मला हुकमाचा वाटत होता. आबा पुढच्या वेळी घरी आले तेव्हा चहा देता देता मी म्हटलं, "तयार लॉगिन घेतलं आणि एखादी बाई बाहेर अडकली, तर कुणाच्या पाया पडायचं? माझ्या अभेद्यमध्ये माझ्याकडे एक गुरुकिल्ली आहे. कुणाही बाईचं दार मी इथे बसून उघडून देऊ शकते. आहे का ही सोय तुमच्या बठ्ठासच्या कुलपात?"

आबांनी कप खाली ठेवला. "आपल्याकडे सर्व सभासद महिलांची खाती उघडू शकेल अशी किल्ली आहे, असे आपण म्हणता?"
शुद्ध मराठी! तरी मी म्हटलं, "हो. पण ती फक्त मला माहीत आहे."
"आणि उद्या ती किल्ली मागायला एखादी व्यक्ती आपल्याकडे आली, तर आपण काय कराल?"
"नाही म्हणेन."
"कोणाला? परक्याला? परका कशाला येईल? हे गाव तुझ्या लेकीचं सासर आहे." शेवटचं वाक्य पुन्हा साध्या बोलीत आलं, आणि तेच जास्त लागलं. "कमलबाईला भीती परदेशातल्या चोराची नाही. तिला भीती पंगतीत शेजारी बसणाऱ्याची आहे. तो कुलूप फोडत नाही. तो चपला काढून तुझ्या घरात येतो, चहा पितो आणि किल्ली मागतो. चोराला नाही म्हणता येतं ग. पाहुण्याला येत नाही."

मी त्या दिवशी जेवले नाही. हे म्हणाले, "अभेद्यला भेगा पडल्या वाटतं?" त्यांच्यावरही ओरडले. पण दुसऱ्या दिवशी मी अभेद्य बाजूला ठेवलं. आम्ही तयार लॉगिन घेतलं, ज्यांचा दिवसरात्र तोच धंदा आहे अशा लोकांनी राखलेलं. बाईच्या मोबाईल नंबरवर ओटीपी येणार, आणि तो टाकल्यावर तिचे तिने ठरवलेले चार आकडे. ते आकडे विसरले तर सगळं पुन्हा तिच्याच फोनवरून, तिनेच नव्याने ठरवायचं. मला ते आकडे दिसणार नाहीत. मला कुणाचंच दार उघडता येणार नाही.

सगळं साजूक तुपातलं झालं असं समजू नका. रेंज नसली की ओटीपी यायचा नाही, बायका फोन उंच धरून बांधावर चढायच्या आणि माझ्या नावाने बोटं मोडायच्या. तयार लॉगिनवाल्यांनी आपल्या सोयीने काही बदललं की आम्हाला मुकाट्याने मागे जावं लागायचं. मी आबांना खिजवायची, "बघा तुमचं बठ्ठासनं कुलूप!" ते मान हलवून कबूल करायचे. "फुकट काहीच नाही. पण कमलबाईचा होकार कुणी चोरला का?" नाही. "मग चढू दे बांधावर. व्यायाम होतो."
मी रुसून विचारलं, "पण मग माझं काय उरलं यात?"
"दाराच्या आतलं सगळं. आणि किल्ली कुणाच्या हातात पडते ते. ते कुणी तयार देत नाही, ते तुलाच करावं लागेल."

ते काम मी केलं, आणि आबांनी माझ्यासोबत केलं. कारण निम्म्या बायकांचे नंबर म्हणजे नवऱ्याचे किंवा पोराचे. ओटीपी त्यांच्याच हातात पडला तर सगळं मुसळ केरात. आम्ही बायकांच्या स्वतःच्या नंबरासाठी अडून बसलो. आकडे ठरवायच्या दिवशी एकेका बाईला खोलीत एकटं बसवायचं ठरलं, तर कमलबाईंचे भास्करराव फोन हातात घेऊन उभे. "तिले नाही जमत हो मॅडम. मी टाकून देतो." माझ्या तोंडून 'बरं' निघणारच होतं. आबांनी भास्कररावांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना ओट्यावर नेत विचारलं, "भाऊ, यंदा करपा कसा काय आटोक्यात ठेवला तुम्ही?" केळीवर कुणी सल्ला मागितला की आमच्याकडचा पुरुष तासभर जागचा हलत नाही. भास्करराव बोलत राहिले, गावातले आणखी चार जण बोलायला आले, आणि आत एकेक बाई चार आकडे ठरवून पदराने तोंड पुसत बाहेर येत राहिली. निघताना आबांना करप्याबद्दल जितकं माहीत झालं होतं, तितकं धुळ्यात कुणालाच नसेल.

यानंतर दोन-तीन हंगाम गेले. कमलबाई आईच्या आजारपणासाठी पाचोऱ्याला गेल्या होत्या, फोन अर्थात त्यांच्यासोबत. एके सकाळी आमच्या दारात गाडी थांबली आणि व्याही उतरले. हातात पेढे. मुलीकडचं सगळं क्षेम विचारून झालं, शेवेची भाजी झाली, पान झालं, आणि मग ते म्हणाले, "विहीणबाई, एक लहानसं काम होतं. ट्रक अर्धाच भरला आहे. आमच्या भावजयीच्या बागेतले घड टाकले की होईल. ती म्हणते घड भरले नाहीत, मी आल्याशिवाय कापू नका. बाईला काय कळतं? ॲप तुम्हीच बनवलं ना? तिच्या नावाने तेवढा होकार टाकून द्या."

समोर कोण, तर लेकीचा सासरा. आमच्या भागात व्याह्याला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मी लिहायची गरज नाही. स्वयंपाकघराच्या दारातून हे माझ्याकडे पाहत होते, मी देवाकडे पाहत होते. मग तोंडून निघालं ते अगदी खरं होतं. "व्याहीबुवा, ते माझ्या हातात नाही."
"म्हणजे? बनवलं तुम्ही आणि उघडता तुम्हाला येत नाही?"
"नाही येत."
"कुणालाच नाही?"
"कमलबाईंना येतं."
व्याही खो खो हसले. "मग हो कसल्या इंजिनिअर तुम्ही!"

काय सांगू, ते वाक्य कानाला साखरेसारखं गोड लागलं. चार वर्षांपूर्वी हेच कुणी म्हटलं असतं, तर मी जागच्या जागी गुरुकिल्ली लावून दार उघडून दाखवलं असतं. व्याह्यांचा मान राखायला नव्हे, तर मला येतं हे दाखवायला! आता मी मुकाट्याने आणखी एक पान पुढे केलं. व्याही रागावले नाहीत. मी नाही म्हटलंच नव्हतं ना, मला फक्त येत नव्हतं. उलट घरी जाऊन माझ्या मुलीला म्हणाले, "तुझ्या आईला वयोमानाने जमत नाही आता. तिला फार कामं सांगत जाऊ नका." मी अडाणी ठरले आणि लेकीच्या संसारावर ओरखडा उठला नाही. कमलबाईंचे घड त्यांच्या परतण्याची वाट पाहत झाडावर भरत राहिले.

त्याच आठवड्यात मी धुळ्याला गेले. आबा अंथरुणाला खिळले होते. सून म्हणाली, फार बोलू नका, दम लागतो. मी सगळी हकिकत साभिनय सांगितली. व्याह्यांचं हसणंसुद्धा करून दाखवलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल. त्यांनी एक डोळा उघडला.
"आनि तुना हातमा राहतं तं?"
माझ्या हातात असतं तर काय, असं विचारत होते. खोटं बोलून उपयोग नव्हता, ते त्यातही शिरले असते.
"दिला असता हो, आबा. पेढे खाऊन दिला असता."
ते इतके हसले की सून धावत आली. दम खात, डोळे पुसत म्हणाले, "आते तू शानी व्हयनी, माय."

ती आमची शेवटची भेट. मोठ्या माणसांकडून आपल्याला काय मिळालं, ते बहुतेकदा शब्दांत सांगता येतं. कुणी विद्या दिली, कुणी धीर दिला. आबांनी माझ्या हातातून एक वस्तू काढून घेतली, आणि त्याबद्दल मी जितकी ऋणी आहे तितकी दुसऱ्या कशाबद्दल नाही. आपण भल्या आहोत म्हणून कुणाचं वाईट करणार नाही, असं मी समजत होते. आबांनी अशी तजवीज केली की माझ्या भलेपणावर कुणाला अवलंबून राहावंच लागू नये. व्याही कशाला आले होते, ते मी कमलबाईंना आजवर सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही, हेच त्या कुलपाचं यश.

परवा नातवंडांना घेऊन लेकीकडे गेले होते. कमलबाईंच्या बागेत कापणी होती. मजूर कोयते घेऊन बांधावर बसलेले, ट्रकवाला चाकाला टेकलेला, भास्करराव आणि व्याही पाइपलाइनच्या चेंबरवर. कमलबाई बागेतून घड चाचपत आल्या, चष्मा लावला, फोन काढला. आणि एक नवल पाहिलं. त्यांनी आकडे टाकायला बोट उचललं, तशी सगळ्या पुरुषांनी माना फिरवल्या. ट्रकवाल्याने रस्त्याकडे, मजुरांनी झाडांकडे, भास्कररावांनी पायाकडे. व्याह्यांनी घसा खाकरून आभाळाकडे पाहिलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. लेक हळूच म्हणाली, "आई, आता गावात अशी रीतच पडली आहे. बाई आकडे टाकत असली की बघत नाहीत."

मीही मान फिरवली.